विस्कॉन्सिनमधले वालून

मिशिगन सरोवर आणि ग्रीन बे नावाचा त्याचाच एक फाटा, या दोन्ही पाण्यांच्या मध्ये जमिनीची एक चिंचोळी पट्टी ईशान्येकडे निघाली आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातला हा भाग. उन्हाळ्यात पर्यटक तिच्या टोकाकडे धावतात, चेरीच्या बागा आणि दीपगृहं पाहायला. त्यांच्या वाटेवर, ५७ क्रमांकाच्या महामार्गालगत, नामूर आणि ब्रसेल्स अशा पाट्या लागतात. महामार्ग सोडून आत वळलं तर रोझिएर लागतं, वालें लागतं. मक्याची शेतं, दुभत्या गाईंचे गोठे, लाल विटांची घरं आणि रस्त्याकडेला चार-सहा माणसं जेमतेम मावतील अशी छोटी प्रार्थनाघरं. बेल्जियममधून आलेल्या शेतकऱ्यांनी १८५३ पासून वसवलेला हा मुलूख आहे. अमेरिकेतल्या ग्रामीण बेल्जियन वस्त्यांमध्ये तो सर्वांत मोठ्यांपैकी एक मानला जातो.

हे लोक कोण, ते आधी समजून घ्यायला हवं. बेल्जियमचे ढोबळमानाने दोन भाग: उत्तरेला डच बोलणारे फ्लेमिश, दक्षिणेला फ्रेंच बोलणारे वालून. पण एकोणिसाव्या शतकातला वालून शेतकरी घरात फ्रेंच बोलत नव्हता. त्याची बोली वालून होती. लॅटिनमधूनच निघालेली, फ्रेंचची बहीण, पण फ्रेंच नव्हे. फ्रेंच होती शाळेची, कचेरीची आणि चर्चमधल्या प्रवचनाची. ती बहुतेकांना समजायची, सगळ्यांना सफाईने बोलता येत नसे. विस्कॉन्सिनला आलेले हे लोक मुख्यतः ब्राबांत प्रांताच्या दक्षिण भागातले, ग्रे-दुआसो या गावच्या आसपासचे. फ्रेंच राजवटीपासून चालत आलेल्या कायद्याने वारशाची जमीन सगळ्या मुलांत सारखी वाटली जायची, त्यामुळे दोन-तीन पिढ्यांत शेताचे तुकडे इतके झाले होते की त्यावर कुटुंब पोसणं कठीण. त्यात १८४५ पासून बटाट्यावर करपा आला. आयर्लंडइतका हाहाकार इथे झाला नाही, पण बटाट्यावर जगणाऱ्या गरीब घरांचं कंबरडं मोडलं.

अशा दिवसांत अँटवर्प बंदरातल्या जहाज कंपन्या आणि विस्कॉन्सिन राज्याचे प्रतिनिधी अमेरिकेची जाहिरात करत होते. सरकारी जमीन एकरी सव्वा डॉलरला! फ्रान्स्वा पेतिन्यो नावाच्या एका शेतकऱ्याच्या हाती असं एक पत्रक पडलं आणि त्याने ते गावी आणलं, असं या वस्तीचा इतिहास सांगतो. पत्रक डच भाषेत होतं. मे १८५३ मध्ये दहा कुटुंबं घरदार विकून अँटवर्पला गेली आणि 'क्विनेबॉग' नावाच्या शिडाच्या जहाजात बसली. समुद्रावर जवळजवळ सात आठवडे गेले. मग न्यूयॉर्क, तिथून पश्चिमेचा लांबचा प्रवास, आणि शेवटी मिशिगन सरोवराच्या काठचं शिबॉयगन.

इथे जे घडलं त्यात मला या सगळ्या इतिहासाची किल्ली दिसते. शिबॉयगनच्या आसपास जमीन चांगली होती. पण शेजारी जर्मन आणि डच. त्यांचं बोलणं यांना कळेना, यांचं त्यांना. जमीन विकत घ्यायची ती कोणाशी बोलून? तेवढ्यात एक फ्रेंच कॅनेडियन भेटला. त्याने सांगितलं, उत्तरेला ग्रीन बे गावात जा, तिथे निम्मे लोक फ्रेंच बोलतात. खरंच होतं ते. केसाळ कातड्यांच्या व्यापाराच्या काळापासून ग्रीन बेमध्ये फ्रेंच कॅनेडियन आणि मिश्र वंशाची कुटुंबं राहत होती. ही दहा कुटुंबं उठली आणि उत्तरेला गेली. जमिनीसाठी देश सोडलेल्या या माणसांनी जमीन निवडताना माती शेवटी पाहिली. आधी पाहिलं ते आपलं म्हणणं ऐकून घेणारं कोणी आहे का.

ग्रीन बेला गेल्यावरही तसंच झालं. त्यांनी फॉक्स नदीच्या बाजूला जागा बघून ठेवली होती. पण त्यांची गाठ पडली फादर एदुआर दाम्स यांच्याशी. हे स्वतः बेल्जियन, क्रोझिअर संघाचे धर्मगुरू. गावाच्या ईशान्येला बे सेटलमेंट नावाच्या वस्तीत त्यांचं चर्च होतं. एका बाळाच्या बाप्तिस्म्याच्या निमित्ताने ही भेट झाली, असं सांगतात. आपल्या देशातला, आपली भाषा जाणणारा पाद्री जवळ असणार म्हटल्यावर आधीची जागा सोडून सगळे त्यांच्याकडे गेले आणि आणखी आत, घनदाट अरण्यात, त्यांनी पहिली वस्ती केली. तिचं पुढे रॉबिन्सनव्हिल आणि नंतर चॅम्पियन असं नाव झालं. 'तिरी-दाम्स' या आणखी एका वस्तीच्या नावात फादर दाम्स आजही आहेत.

ही जमीन रिकामी होती असं मात्र कोणी समजू नये. ती मेनॉमिनी लोकांची होती. १८३१ च्या करारात त्यांना ती अमेरिकन सरकारला द्यावी लागली. त्यानंतर सर्वेक्षण होऊन तिचे चौकोन पडले आणि ते चौकोन सव्वा डॉलर भावाने विकायला निघाले. युरोपातल्या भूमिहीनांना मिळालेल्या जवळजवळ प्रत्येक एकरामागे अशी एक आधीची हकीकत आहे. ती सोडून या वस्तीची कथा सांगणं मला योग्य वाटत नाही.

पहिली वर्षं भयंकर कष्टाची गेली. मेपल, बीच, हेमलॉक, पाइन, सीडर यांचं जंगल इतकं दाट की दुपारीही उजेड कमी. हे लोक ब्राबांतच्या मोकळ्या शेतांवरून आलेले. इतकं मोठं झाड पाडायची त्यांना सवय नव्हती. बैल नाहीत, रस्ता नाही, झाडांच्या सालीवर कुऱ्हाडीने खुणा करून वाट लक्षात ठेवायची. पिठाचं पोतं ग्रीन बेहून पाठीवर आणायचं. पाडलेली झाडं विकायला बाजार नव्हता, म्हणून ओंडके रचून जाळायचे आणि राखेतल्या खोडांमधून राय आणि बटाटे लावायचे. पैसा हाती आला तो सीडरच्या फळ्यांमधून. छपरावर कौलांच्या जागी बसवायच्या पातळ लाकडी फळ्या हाताने तासायच्या आणि व्यापाऱ्याला द्यायच्या. हिवाळ्याच्या लांब संध्याकाळी घरातली सगळी माणसं, बायका आणि मुलंसुद्धा, या कामाला बसायची. तरीही गावाकडे पत्रं जात राहिली आणि गावाकडून माणसं येत राहिली. १८५५ आणि १८५६ मध्ये तर लोंढाच आला. चार-पाच वर्षांत ब्राउन, किवॉनी आणि डोअर या तीन काउंट्यांच्या सीमेवर हजारो वालून वसले, एकमेकांना लागून, मध्ये दुसरं कोणी फारसं न ठेवता.

असं चिकटून राहण्याची किंमतही होती. कर भरायचे, पण मतदान करायचं असतं हेच बहुतेकांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्यांच्या वाट्याला ना रस्ते आले ना शाळा. ही कोंडी फोडली झेवियर मार्टिन या तरुणाने. घरच्यांबरोबर १८५३ मध्येच अमेरिकेत आलेला हा मुलगा फिलाडेल्फियात राहून इंग्रजी शिकला होता. १८५७ मध्ये तो वस्तीवर आला. पुढच्या वर्षी त्याने लोकांना गोळा करून मतदानाला नेलं, स्वतंत्र नगरपंचायती स्थापन करायला लावल्या, शाळा काढली, टपाल सुरू केलं. एवढ्या माणसांना दोन्ही भाषा जाणणारा एक माणूस लाभला आणि सरकार नावाची वस्तू त्यांना पहिल्यांदा हाताला लागली. म्हातारपणी, १८९५ च्या सुमाराला, त्याने वस्तीचा इतिहासही लिहिला. पहिल्या वर्षांबद्दल आज जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्याच्यामुळेच.

१८६२ मध्ये यादवी युद्धासाठी सक्तीची सैन्यभरती सुरू झाली तेव्हाही भाषेचीच अडचण आडवी आली. आपल्याला का उचललं, नियम काय, हे कोणी समजेल अशा भाषेत सांगितलंच नव्हतं. चिडलेला जमाव ग्रीन बेमध्ये सिनेटर टिमोथी हाउ यांच्या घरावर चालून गेला. हाउ इंग्रजीत बोलत राहिले आणि समोरच्यांना एक अक्षर कळेना.

पाद्री कमी होते आणि मुलांना धर्मशिक्षण देणारं कोणी नव्हतं. या पोकळीत अदेल ब्रीस ही शेतकऱ्याची मुलगी उभी राहिली. १८३१ मध्ये बेल्जियममध्ये जन्मलेली, १८५५ मध्ये आईवडिलांबरोबर आलेली, लहानपणीच्या अपघातात एक डोळा गमावलेली. ऑक्टोबर १८५९ मध्ये रॉबिन्सनव्हिलजवळ एका हेमलॉक आणि एका मेपलच्या झाडामध्ये आपल्याला मदर मेरीचं दर्शन झालं आणि या रानातल्या मुलांना शिकवण्याची आज्ञा मिळाली, असं तिने सांगितलं. दर्शनावर विश्वास ठेवायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पुढे तिने केलेलं काम सगळ्यांनी पाहिलेलं आहे. जंगलातून मैलोन्‌मैल पायी हिंडायचं, ज्या घरी जाईल तिथली कामं करायची आणि त्या बदल्यात मुलांना शिकवायचं. पुढे तिने शाळा काढली आणि १८९६ मध्ये मरेपर्यंत ती चालवली. ग्रीन बेच्या बिशपांनी या दर्शनाला अधिकृत मान्यता दिली ती थेट २०१० मध्ये. अमेरिकेत अशी मान्यता मिळालेलं ते पहिलं दर्शन. आज चॅम्पियनला राष्ट्रीय तीर्थस्थानाचा दर्जा आहे.

आता वणव्याच्या रात्रीबद्दल. १८७१ चा उन्हाळा कोरडा गेला. लाकूडतोडीचा पालापाचोळा, सालपटं, फांद्या जंगलभर वाळून पडलेल्या. शेतकरी नेहमीप्रमाणे जमीन साफ करायला आगी लावत होते, त्या विझत नव्हत्या, दलदलीतला सुकलेला कुजट थरसुद्धा जमिनीखाली धुमसत होता. ८ ऑक्टोबरच्या रविवारी रात्री नैर्ऋत्येकडून जोराचा वारा सुटला आणि सगळ्या छोट्या आगी एक झाल्या. त्याच रात्री शिकागो जळलं, म्हणून जगाने शिकागोची बातमी वाचली. पण अमेरिकेच्या इतिहासातला सर्वांत जीवघेणा वणवा हा होता. ग्रीन बेच्या पश्चिम काठावर पेश्टिगो हे गाव तासाभरात नाहीसं झालं. एकूण मृतांचा आकडा १,२०० पासून २,५०० पर्यंत सांगितला जातो. जिथे गावाची कागदपत्रंच जळली तिथे नेमकी मोजणी कोण करणार? पूर्व काठावर विल्यमसनव्हिल या लाकूडगिरणीच्या वस्तीत ७७ पैकी ६० माणसं गेली. वालून वस्त्यांमध्ये त्या मानाने माणसं कमी दगावली, पण घरं, गोठे, भरलेली धान्यकोठारं, कुंपणं, जनावरं सगळं गेलं. रॉबिन्सनव्हिलला अदेलच्या प्रार्थनाघराच्या आवारात लोक आपली जनावरं घेऊन जमले आणि रात्रभर मदर मेरीची मूर्ती घेऊन प्रदक्षिणा घालत राहिले. पहाटे पाऊस आला. आजूबाजूचं सगळं काळं पडलं होतं, पण ते आवार वाचलं होतं.

आज आपण पाहतो ती बेल्जियन वस्ती या राखेतून बांधलेली आहे. लाकडाच्या घरांत पुन्हा राहायचं धैर्य लोकांना राहिलं नाही. ज्याला परवडलं त्याने विटांचं घर बांधलं. पुष्कळ ठिकाणी आत ओंडक्यांचीच भिंत आहे आणि बाहेरून विटांचं एकपदरी कवच चढवलेलं आहे. कोपऱ्यांवर आणि खिडक्यांवर फिकट दगडाची किंवा विटांची नक्षी, आणि दर्शनी त्रिकोणाच्या माथ्यावर एक छोटी गोल खिडकी. या खिडकीवरून बेल्जियन घर लांबूनच ओळखू येतं. घरामागे वेगळं उन्हाळी स्वयंपाकघर, म्हणजे चुलीचा धोका आणि उकाडा दोन्ही मुख्य घराबाहेर. त्याच्या मागच्या भिंतीला लागून दगड-विटांची घुमटाकार भट्टी. तिचं तोंड स्वयंपाकघराच्या आत, पोट बाहेर. या भट्टीला जाळ वेगळा नसतो. लाकूड भट्टीच्या पोटातच पेटवायचं, घुमट लालबुंद तापू द्यायचा, मग निखारे ओढून बाहेर काढायचे आणि तळ पुसून त्यावर पाव ठेवायचे. भिंतींनी धरून ठेवलेल्या उष्णतेत आधी पाव भाजायचे, आणि भट्टी निवत जाते तसे 'पाय' हे गोड पदार्थ. घरच्या पावांची आठवड्याची बेगमी एका तापवणीत व्हायची.

जंगल गेल्यामुळे शेतीही बदलली. जळून मोकळ्या झालेल्या जमिनीवर आधी गहू आला, आणि शतकाच्या अखेरीला विस्कॉन्सिनभर झालं तसं इथेही दूध आणि चीज.

भट्टीचं खरं काम सुरू व्हायचं सप्टेंबरात, केर्मिसच्या दिवसांत. केर्मिस म्हणजे सुगीनंतरची गावजत्रा. १८५८ पासून ही प्रथा इथे आहे. आपल्याकडे गावोगावच्या जत्रा तिथीने पुढेमागे असतात आणि पाहुणे एका गावाहून दुसऱ्या गावी फिरतात, तसंच इथे एका चर्चची केर्मिस झाली की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या चर्चची. सकाळी मिसा, मग चर्चमधून निघून बँडच्या मागे वाटेवरच्या धुळीतच नाच, मग जेवणं. कोंबडी, गोमांस आणि भाज्या अवाढव्य कढयांमध्ये तासन्‌तास उकळून केलेलं दाट 'बूया', कोबी घातलेले 'ट्रिप' सॉसेज, आणि बेल्जियन पाय. हा पाय साधा नसतो. खमीर घातलेल्या कणकेचा पातळ तळ, त्यावर सुक्या आलुबुखाराचा किंवा सफरचंदाचा गोड थर, आणि वरून गोडसर चीजची साय. बायका रात्ररात्र जागून शेकड्यांनी पाय करायच्या. बूया तर वस्तीच्या बाहेर पडून सबंध ग्रीन बे परिसराचं खाद्य झालं आहे. चर्चच्या आणि अग्निशमन दलाच्या मदतनिधीसाठी ते आजही कढईने शिजतं.

या कथेचा एक धागा गोव्यापर्यंत येतो, आणि तो मराठी वाचकाला फारसा ठाऊक नसेल. फादर दाम्स यांच्यासारखे पाद्री मोजकेच होते. फ्रेंच समजणारे पुरेसे पाद्री रोमन कॅथलिक चर्चला पाठवता येईनात. अशा वेळी १८८५ मध्ये जोसेफ रेने विलात हा पॅरिसमध्ये जन्मलेला तरुण स्वित्झर्लंडमध्ये 'ओल्ड कॅथलिक' पंथाची दीक्षा घेऊन विस्कॉन्सिनला आला. पोपची सर्वोच्च सत्ता न मानणारा हा पंथ. विलातने गार्डनर, डिक्सव्हिल या वालून वस्त्यांमध्ये चर्चं उभारली. लोकांना पंथाच्या वादात किती रस होता कोण जाणे. समजेल अशा भाषेत उपासना करणारा, घरी येऊन बसणारा पाद्री त्यांना मिळाला होता, आणि पुष्कळ कुटुंबं त्याच्याकडे गेली.

विलातला बिशप व्हायचं होतं आणि युरोपात त्याला कोणी बिशप करेना. तो पोचला कोलंबोला. तिथे होते आंतोनियो फ्रान्सिस्कु झेवियर आल्वारिस, गोव्यातल्या वेर्णे गावी १८३६ मध्ये जन्मलेले. कॅथलिक पाद्री म्हणून सुरुवात केलेले, पोर्तुगीज सत्तेवर आणि चर्चच्या कारभारावर वर्तमानपत्रांतून टीका करणारे आल्वारिस १८८९ मध्ये केरळमधल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप झाले होते, 'मार जुलियस' या नावाने. पोर्तुगाल आणि रोम यांच्यातल्या १८८६ च्या करारामुळे धर्मप्रांतांची फेरवाटणी झाली होती. ती न पटलेले सिलोनमधले आणि दक्षिण भारतातले कॅथलिक त्यांच्या मागे होते. सिरियन परंपरेचे प्रमुख असलेल्या अँटिओकच्या पॅट्रिआर्कची संमती घेऊन मे १८९२ मध्ये कोलंबोत आल्वारिस यांनी विलातला बिशपपद दिलं. म्हणजे डोअर काउंटीतल्या बेल्जियन शेतकऱ्यांच्या बिशपला दीक्षा दिली ती एका गोवेकराने, सिरियन परंपरेनुसार, सिलोनमध्ये. आल्वारिस पुढे गोव्यात परतले, पोर्तुगीज सरकारने त्यांना अटक केली, उपेक्षितांची सेवा करत त्यांनी आयुष्य काढलं आणि १९२३ मध्ये रायबंदरला त्यांचं निधन झालं. विस्कॉन्सिनच्या रानातली आपल्या शिष्याची चर्चं त्यांनी कधी पाहिली नाहीत.

रोमन कॅथलिक चर्च हातावर हात ठेवून बसलं नाही. ग्रीन बेचे बिशप मेस्मर यांनी हॉलंडमधल्या बेर्न मठातून नॉर्बर्टाइन संघाचे पाद्री मागवले. १८९३ मध्ये बर्नार्ड पेनिंग्ज आणि त्यांचे साथीदार आले ते विलातच्या अनुयायांना परत आणायला. त्यांनी ते केलंच, शिवाय १८९८ मध्ये डी पेअरला सेंट नॉर्बर्ट कॉलेज काढलं, जे आजही चालू आहे. विलातची चळवळ ओसरली, तो स्वतः वस्ती सोडून देशोदेशी भटकत राहिला आणि शेवटी रोमकडे परतून १९२९ मध्ये फ्रान्समध्ये वारला.

एकूणच या लोकांनी जागा निवडली भाषेकडे बघून, पाद्री निवडला भाषेकडे बघून, शेजार धरला तोही भाषेसाठी. पण इतकं करून टिकवलेली आपली घरची वालून बोली त्यांनी कधी लिहिली नाही. वालूनची शाळा नव्हती, बायबल नव्हतं, वर्तमानपत्र नव्हतं. ती होती गोठ्यात, पत्त्यांच्या डावात, केर्मिसच्या मांडवात. तेवढ्यावर ती तीन-चार पिढ्या टिकली. विसाव्या शतकातही घरात फक्त वालून ऐकून पहिल्या दिवशी शाळेत गेलेली आणि इंग्रजी न आल्यामुळे ओशाळलेली मुलं होती. ती मुलं आईबाप झाली तेव्हा त्यांनी आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलायचं ठरवलं. मला त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. वर्गात गप्प बसून राहण्याचं दुःख त्यांनी स्वतः भोगलं होतं. मग रस्ते सुधारले, ग्रीन बेच्या कारखान्यांत नोकऱ्या मिळाल्या, लग्नं बाहेर होऊ लागली.

तिकडे बेल्जियममध्येही वालून मागे पडत होती. १९१४ च्या सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने गावोगाव फ्रेंच पोचली आणि वालून बोलणाऱ्या मुलाला शाळेत गावंढळ ठरवलं गेलं. युनेस्कोच्या यादीत ही भाषा आज धोक्यात असलेल्या भाषांमध्ये आहे. त्यामुळे १९७० च्या दशकात ग्रे-दुआसोच्या परिसरातून पाहुणे विस्कॉन्सिनला यायला लागले तेव्हा दोन्हीकडचे लोक हेलावून गेले. मुलुखाशी शतकभर संबंध नसलेले हे अमेरिकन शेतकरी पाहुण्यांच्या आजोबांच्या बोलीत बोलत होते. त्या भेटींतून सुरू झालेलं जाणं-येणं नंतरही चालू राहिलं.

१९९० या एकाच वर्षी दोन गोष्टी झाल्या. अमेरिकेने नामूरच्या परिसराला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा सर्वोच्च दर्जा दिला, आणि बेल्जियमच्या फ्रेंच भाषिक समाजाच्या विधिमंडळाने वालूनसह आपल्या मुलखातल्या प्रादेशिक भाषांना कायद्याने मान्यता दिली. घरांना मिळालेला दर्जा उपयोगी पडला. जुन्या ओंडक्यांच्या कोठारांचं आणि भट्ट्यांचं मोल लोकांना कळलं, नामूरमधल्या सेंट मेरी ऑफ द स्नोज या जुन्या चर्चच्या इमारतीत वारसा केंद्र सुरू झालं. भाषेचं काम जास्त अवघड आहे, कारण विस्कॉन्सिनमध्ये ती सहज बोलणारी माणसं आता मोजकीच उरली आहेत आणि तीही वयोवृद्ध. गेल्या काही वर्षांत भाषाशास्त्रज्ञ त्यांच्या घरी जाऊन बसतात, त्यांना शेतीबद्दल, स्वयंपाकाबद्दल, लहानपणाबद्दल बोलतं करतात आणि ते बोलणं ध्वनिमुद्रित करून ठेवतात. फ्रेंचची जी छाप बेल्जियममधल्या वालूनवर पडली ती इथल्या वालूनवर पडली नाही, इथे तिच्यावर इंग्रजीची पडली. म्हणून दोन्हीकडची ध्वनिमुद्रणं शेजारी ठेवून ऐकली, तर १८५३ मध्ये त्या दहा कुटुंबांनी नेमकी कशी बोली बरोबर आणली होती, याचा अंदाज बांधता येतो.